भैरोबाचा डावा डोळा

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कोपरखैरणे,
१८ फेब्रुवारी १९९६

प्रिय पोपटदादास कृष्णातचा नमस्कार.

तुझा पत्ता तुझ्या मेव्हण्याकडून मिळाला. आम्ही इकडे ठीक. मी जासईच्या कंटेनर यार्डात कारकून आहे. बायकोचे, प्रेमलाचे, गुडघे दुखतात. आमचा मुलगा कुलदीप टीव्हीवर रहस्यमालिका बघतो आणि अर्ध्यातच चोर ओळखतो. मला मात्र तिथं बसवत नाही.

दीपमाळेच्या ओट्यावर तू मला रहस्यकथा वाचून दाखवायचास. शेवटचं पान आलं की पुस्तक मिटायचास. "सांग किस्ना, चोर कोण?" मी चुकलो की माझ्या शेंगा तुझ्या. तेवढं सुख मला पुढं कशात मिळालं नाही.

माघी पौर्णिमेला गावी होतो. भैरोबानं शेंदराचं कवच सोडलं. कैक वर्षांचा थर, खापरासारखा गळून पडला. नदीत सोडायला उचलला, तर आत चांदीचा डोळा. डावा. आपल्या वेळी गेलेला तोच. ओल्या शेंदरात निसटला असणार आणि वरून पुढचा लेप चढला.

चोरी झालीच नव्हती, दादा.

आपल्या पुस्तकांत पहिल्या पानावर चोरी होतेच, म्हणून चोरही असतो. चोरी झाली का, हे तिथं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. देवळाची झाडलोट तुझ्याकडे होती, तेवढं मला पुरलं. पाटलांनी विचारलं, "पोपटला डोळा काढताना तू बघितलंस?" अकरा वर्षांचा मी, सगळा गाव माझ्याकडं बघत होता.

मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात तुम्ही गाव सोडलं. तुझी आई, राजाकाकू, जाताना देवळाच्या पायरीला डोकं टेकून गेली.

यार्डात माल कमी भरला की सगळे हमालांकडं बघतात. मी आधी पुन्हा शोधायला लावतो. बहुतेक वेळा सापडतो. हमाल मला भला माणूस म्हणतात, तेव्हा मी खाली बघतो.

चैत्रात यात्रेदिवशी डोळा परत बसवणार आहेत. गुरवाला सांगून ठेवलंय, तो पोपटच्या हातून बसवायचा. मी गावासमोर उभा राहून सगळं सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. माफी मागायला राजाकाकू राहिली नाही. तुझ्याकडं कोणत्या तोंडानं मागू?

त्या दिवशी तुला देवळात न पाहिलेला,
कृष्णात