तहान सांगावी, विहीर सांगू नये

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने कंत्राटी ड्राफ्ट्समन, एका पाईप फिटरची थोरली मुलगी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे, प्रकृती ठीक आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. राग मात्र आहे. रागाच्या भरात लिहिलेले मृत्युपत्र रद्द ठरत नाही, हे मी ग्रंथालयात बसून आधी वाचून घेतले आहे.

लिहिण्याचे कारण असे. येत्या आठवड्यात मी एका दूरच्या कारखान्यात कामाला जात आहे. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात, तेव्हा आत जाऊन जुन्या नळवाहिन्यांची मोजमापे घ्यावी लागतात, कारण कागदावरची नळवाहिनी आणि जागेवरची नळवाहिनी कधीच एक नसते. तो फरक मोजणे हे माझे काम. तेथे वाफ असते, उंची असते, म्हणून कंपनी जाण्यापूर्वी मृत्युपत्र मागते. तिने पाठवलेला छापील नमुना अगदी त्रोटक आहे. माझे तेवढ्यात भागणार नाही. शिवाय मला तोंडावर बोलता येत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. जे बोलायचे राहिले, तेही येथेच लिहिते.

कलम पहिले. दोन खोल्या आणि मागचा अरुंद सज्जा असलेले राहते घर बाबांनी माझ्या नावे केले होते. आई हयात असेपर्यंत त्यावर तिचा हक्क राहील, तिच्यामागे ते धाकटीचे. पुढची खोली भाड्याने देण्याचा सल्ला मामांनी पुन्हा दिल्यास आईने त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक आईची. तिने आधी दात बसवून घ्यावेत. ही रक्कम तिने गुपचूप धाकटीच्या फीकडे वळवू नये. ती तसे करणार, हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिले.

कलम तिसरे. भिंतीवरचे घड्याळ मामांना द्यावे. त्यांची नजर त्यावर पहिल्यापासून आहे. नोकऱ्या लावून देणाऱ्या त्या एजंटाला आमच्या घरी त्यांनीच आणले आणि "माणूस लाखात एक आहे" असे सांगितले. त्यावर माझे काही म्हणणे नाही. उरलेल्या लाखाविषयी माझी तक्रारच नाही.

कलम चौथे. हे त्या एजंटासंबंधी आहे. आमच्या घरात त्यांना मधबोट म्हणतात. त्यांचे खरे नाव घालून मी हा कागद बाटवणार नाही.

मधबोट यांनी एका दुपारी मला फोन करून सांगितले की, मोठ्या कामावर माझ्याच योग्यतेची जागा निघाली आहे आणि संध्याकाळपर्यंत नाव पुढे पाठवायचे आहे. अडचण एवढीच, की माझ्या कामाची खात्री देणारी दोन वरिष्ठ माणसे हवीत. मी शाळेपासून पहिल्या बाकावर बसलेली मुलगी. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात आणि कारणांसह द्यावे, असे आम्हांला शिकवले होते आणि त्याचे मला गुण मिळत होते. मी उत्तर दिले. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या मास्तरांचे नाव सांगितले, हुद्दा सांगितला, थेट फोन क्रमांक सांगितला. विचारले नव्हते तरी हेही सांगितले, की उन्हाळ्यानंतर त्यांच्या कामाचा दुसरा टप्पा सुरू होत असल्याने त्यांना माणसे लागतील.

जागा नव्हतीच. जाहिरातही नव्हती. त्यांना मी नको होते, मास्तर हवे होते.

त्यानंतर मास्तरांचा फोन वाजत राहिला. ते ऐकेनात, तेव्हा मधबोट त्यांच्या वरच्या साहेबांकडे गेले. मास्तरांच्या शब्दावर वर्षानुवर्षे थेट येणारी माणसे आता मधबोट यांच्यामार्फत, त्यांचा वाटा कापून येऊ लागली. दोघांनी ते काम सोडले. माझे नाव तर त्यांनी मला न विचारता इतक्या ठिकाणी टाकून ठेवले होते, की पुढे मी स्वतः एका कचेरीत अर्ज घेऊन गेले, तेव्हा तेथील बाईंनी सांगितले, "तुमचं नाव आधीच एकाकडून आलंय. दोन वाटांनी आलेलं नाव आम्ही घेत नाही. भांडण नको." मी त्यांचे आभार मानून परत आले. मला तेवढेच जमते.

आणि मग एके दिवशी मधबोट यांचा पुन्हा फोन आला. आवाजात साखर तशीच. मास्तरांकडची माझीच जुनी जागा आहे, पगार मात्र पूर्वीसारखा मिळणार नाही. ते म्हणाले, "ताई, तुमचीच खुर्ची आहे, अनोळखी थोडीच वाटणार?"

मी फोन ठेवला. त्या वाक्याला द्यायचे उत्तर मी अजून घासून पुसून तयार करीत आहे.

हा माझा कबुलीजबाब आहे असे कोणी समजू नये. दार उघडे दिसले म्हणून चोर साव ठरत नाही. मास्तरांना मी हे सारे रडत सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर होतं गं. प्रश्न खोटा होता."

सबब मधबोट यांना माझ्या संपत्तीतून पुढील वस्तू द्याव्यात. त्यांनी माझ्या नावाने बनवलेला बायोडेटा, ज्यात मी कधी न पाहिलेल्या यंत्रांची मी जाणकार आहे. तो त्यांचाच, त्यांना परत. "कळवतो" असे सांगून त्यांनी मला जेवढी वाट पाहायला लावली, ती सगळी वाट. ती त्यांच्या वारसांनाही पुरेल. आणि माझ्या अंत्यविधीस येण्यास मनाई. तेथे जमलेल्यांत मास्तरांच्या ओळखीची माणसे असतील आणि मधबोट रिकाम्या हाताने परत जाणारे गृहस्थ नव्हेत.

कलम पाचवे. माझ्या मोजपट्ट्या, पेन्सिली, संगणक आणि बाबांची सपाटी तपासायची पाणसळ ही सर्व धाकटीला मिळावीत. पाणसळीतला बुडबुडा अजून खरे बोलतो. धाकटी माझ्याच शाखेत शेवटच्या वर्षाला आहे, हात माझ्यापेक्षा चांगला आहे आणि जीभ तर विचारूच नये.

मधबोट आता तिला फोन करतात. ओळखीची दोन नावे ते तिच्याकडे मागत आहेत, आणि ती मास्तरांचे व मला या कारखान्याच्या कामावर कोणाच्याही मध्यस्थीविना घेणाऱ्या अभियंत्यांचे नाव द्यायला निघाली आहे. मी धीर करून एकदा विषय काढला. ती म्हणाली, "तू घुमी आहेस, म्हणून फसलीस. मला कोण गुंडाळतंय?" मास्तरांकडे जे झाले तेच अभियंत्यांकडे होईल. मग आम्हां दोघींना कामाचे एकही दार असे उरणार नाही, ज्याच्या उंबरठ्यावर मधबोट बसलेले नाहीत.

बाबा आयुष्यभर कंत्राटावर जगले. ते म्हणत, "दलालाला तहान सांगावी, विहीर सांगू नये." धाकटी तेव्हा लहान होती, तिच्या कानावर ते पडले नसावे.

म्हणून अट घालते: जागा कोठे आहे व ती देणारे कोण, हे कळण्यापूर्वी धाकटीने कोणत्याही एजंटास ओळखीचे एकही नाव सांगितल्यास या कलमातील सर्व वस्तू मास्तरांकडे जातील.

कलम सहावे. मला ताई म्हणण्याचा हक्क धाकटीचा एकटीचा आहे. तो माझ्यामागेही तिच्याकडेच राहील. मधबोट यांनी तो शब्द वापरला, ते अतिक्रमण होते.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मास्तरांनी पत्करले आहे.

पुरवणी, सह्या होण्यापूर्वी जोडलेली. आज साक्षीला मास्तर आणि खालच्या मजल्यावरील काकू जमल्यावर मी हा कागद मोठ्याने वाचू शकले नाही, म्हणून धाकटीने तो वाचला. चौथ्या कलमापर्यंत ती हसत होती. पाचव्यात थांबली आणि उरलेले मनात वाचले. माझ्याकडे तिने पाहिले नाही. आई चहा ओतीत असताना धाकटीचा फोन वाजला. तिने तो सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

मधबोट म्हणाले, "ताई, दोन नावं तेवढी द्या. जागा तुमचीच समजा."

"जागा कुठली, ते आधी सांगा."

"ते गुप्त ठेवावं लागतं हो."

"मग बरंय," धाकटी म्हणाली. "नावंही गुप्तच आहेत."

मग मधबोट म्हणाले, "कळवतो."

मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. आईने त्यांच्या कपात दुसऱ्यांदा साखर घातली. धाकटी माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "ताई, ती अट खोड. शोभत नाही."

त्यानुसार कलम पाचमधील अट मी रद्द करीत आहे. आडवी रेघ माझ्या हातची असून तिच्या बाजूस दोन्ही साक्षीदारांनी आद्याक्षरे घातली आहेत. मधबोट यांच्याविषयीचे कलम चौथे एका अक्षरानेही न बदलता कायम आहे.

लिहून ठेवणार: थोरली (सही)

साक्षीदार: मास्तर (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरील औषधवाल्या काकू (सही. "मी वाचून सही केली आहे. मामांचे कलम फार सौम्य झाले.")

धाकटीस यात मिळकत असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: कामावर निघण्याच्या आधीचा रविवार
मध्यस्थ: कोणीही नाही