अण्णांची पोथी, क्रमांक धा-१४

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
जून २००५

निंबखेड सार्वजनिक वाचनालयाचे तहहयात चिटणीस, आमचे मामेबंधू आणि शाळेत माझ्याच बाकावर बसून माझीच पाटी पुसणारे नंदू यांस,

गुरुनाथचा सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही उभयता देवाच्या दयेने आणि कंपनीच्या विम्याने ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मामींचं मोतीबिंदूचं झालं का? वाचनालयाचं छप्पर अजून गळतं, की गळायला छप्परच उरलं नाही? रत्नाने नमस्कार सांगितला आहे. (मागच्या पत्रात तू सगळ्यांची चौकशी केलीस, आमच्या गाडीचीसुद्धा, फक्त तिची राहिली. हे मला आठवत नव्हतं. तिने आठवण करून दिली.)

पत्राचं कारण एकनाथदादा. त्याचा फोन आला होता. देवळाचा जीर्णोद्धार झाला, कळस बसला, आता श्रावणात नव्या सभामंडपात अण्णांची पोथी लागायला हवी आणि व्यासपीठावर तो स्वतः बसणार, असं त्याने ठरवलं आहे. अण्णा गेल्यावर आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या, त्या तुला आठवत असतील. त्याने शेत घेतलं, घर घेतलं आणि मला पोथी दिली, कारण कॉलेजात मीच गेलो होतो. (कॉलेजात मला यंत्राची एक भाषा शिकवली. ती आता पोथीइतकीच जुनी झाली आहे, पण तिच्यावर पगार मिळतो.) दादा म्हणाला, "शेत मागितलं नाहीस, घर मागितलं नाहीस, म्हणून पोथी दिली. श्रावणात ती देवळात पाहिजे. नाही आली, तर तूही येऊ नकोस." आणि फोन ठेवला. चौकशी नाही, आशीर्वाद नाही. त्याच्याशी पुन्हा बोलण्याची माझी छाती नाही, तेव्हा जे झालं ते तुला लिहितो. तू वाचणाऱ्यांमधला माणूस आहेस, तुला कळेल.

इथे मराठी मंडळ आहे. मंडळ म्हटलं की ग्रंथालय आलं आणि ग्रंथालय म्हटलं की ते कुणाच्या तरी गॅरेजात आलं. "कुणाच्या?" हा प्रश्न ज्या सभेत निघाला, तिथे मी गप्प बसलो होतो. आपल्या शाळेत गप्प बसणाऱ्याला शहाणा म्हणत, इथे त्याचा होकार धरतात. तेव्हापासून आमची गाडी उन्हात उभी असते आणि पुस्तकं सावलीत. भारतात जाऊन येणाऱ्या प्रत्येक घराने येताना बॅगेतून दोन पुस्तकं आणायची, असा रिवाज पडला आहे. ती बहुतेक लोणच्याच्या बरणीला गुंडाळून येतात, म्हणजे कपड्यांना डाग पडत नाहीत. त्यामुळे आमच्या कितीतरी पुस्तकांची पानं तेलाने पारदर्शक झाली आहेत आणि दोन्ही बाजू एकदमच वाचता येतात.

परदेशातल्या मराठी माणसाला वाचनाची आवड राहिली नाही, असं तुमच्याकडचे वक्ते सांगतात. त्यांना माझ्या गॅरेजात एक रविवार बसवावं. आवड आहे, नंदू. इतकी आहे की वाचून झाल्यावर पुस्तकाचं काही शिल्लक राहत नाही. रहस्यकथांचंच घे. आमच्यात कुमार म्हणून एक पुण्याचा मुलगा आहे. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. तो रहस्यकथा नेतो आणि परत करताना पहिल्याच पानावर खुन्याचं नाव पेन्सिलीने लिहून देतो. मी हटकलं तर म्हणाला, "काका, टाइम वाचतो ना यार सगळ्यांचा!" मला वाटलं, आता त्या कपाटाला कुणी हात लावणार नाही. पण लोक उलट जास्त नेऊ लागले. कुमार बरोबर की चूक, हे पाहायला नेतात. चूक निघाला की त्याखाली त्याला शिव्या लिहितात. लेखकाचं नाव आता कुणी वाचत नाही.

कौटुंबिक कादंबऱ्यांचं दुःख निराळं आहे. उल्का नावाच्या एका सुनेने अशाच एका जाड कादंबरीत, सासू सुनेला फोडणीवरून बोलते त्या ठिकाणी, समासात लिहिलं, "सेम आमच्याकडे." पुढे तिच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. वेळ जात नव्हता, म्हणून मुलाने कादंबरी आणून दिली, तीच. त्यांनी त्याखाली शाईने लिहिलं, "अक्षर ओळखलं." उल्काने पुन्हा ती नेली आणि पुढच्या प्रकरणात उत्तर दिलं. असं करत दोघी शेवटच्या पानापर्यंत पोहोचल्या. घरात म्हणे दोघींचा एक शब्द वाजला नाही. आज त्या कादंबरीसाठी रांग आहे आणि लोक फक्त समास वाचतात. एक बाई मला विचारून गेल्या, "याचा दुसरा भाग आहे का हो?" मी म्हटलं, सासूबाई पुढच्या वर्षी येणार आहेत.

आणि धार्मिक पुस्तकं. तिथे मला बोलवत नाही, पण बोलतो. २००१ साली कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली तेव्हा आमचं धार्मिक कपाट एका रविवारात रिकामं झालं. ज्यांनी कधी घरात उदबत्ती लावली नव्हती, ते संकटनिवारणाचं काय आहे म्हणून विचारत आले. माझ्या मनात आलं, आले तर खरे. पुढे नोकरी लागली, व्हिसा वाढला, ग्रीन कार्ड आलं, की पोथी दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दाराशी ठेवलेली. आत येऊन सांगायलाही वेळ नाही. एकाने तर परत करताना विचारलं, "काका, सिटिझनशिपसाठी वेगळी असते का?" देव हसत असेल. मला हसू आलं नाही.

अशाच एका गृहस्थाला पोथी अर्ध्यावर असताना मुदत संपल्याची ईमेल गेली आणि त्याने ती तशीच आणून दिली. मला ते लागलं. मी सभेत उभा राहिलो (आयुष्यात प्रथमच) आणि नियम करून घेतला: पारायण चालू असेल तोवर पोथी कुणी परत मागू नये, मग मुदत कितीही उलटो. सगळ्यांनी हात वर केले. नंतर जेवण होतं, तेव्हा चर्चा झाली नाही.

आता गेल्या गणपतीचं. मी अण्णांची पोथी तांबड्या फडक्यात बांधून मंडळाच्या पूजेला नेली होती. एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतलेला, कोपऱ्यात ग्रंथालयाचं टेबल. आरती झाली आणि हॉल लवकर रिकामा करायचा म्हणून मुलं सामान आवरू लागली. त्यांची विभागणी सोपी होती: खायचं ते खोक्यात, चमकतं ते मखराच्या पेटीत, मराठी अक्षर दिसलं की ग्रंथालयाच्या टेबलावर. मी मोदकपात्र घासत होतो. बाहेर येईपर्यंत कुमारने पोथीच्या लाकडी पाटीवर, अण्णांनी वर्षानुवर्षं गंध लावलेल्या जागी, पांढरी चिकटपट्टी लावली होती: धा-१४, म्हणजे धार्मिक, चौदावं. आणि पोथी नोंदवून नागपूरच्या मालिनीकाकू घरी घेऊन गेल्या होत्या.

मालिनीकाकू म्हणजे आमच्यातल्या यतीनची आई. नुकत्याच मुलाकडे आल्या होत्या. मी रात्रीच यतीनला फोन केला. तो कुजबुजला, "काका, आईने पारायणाचा संकल्प सोडलाय. आता कसं उचलणार?" मंडळाचा अध्यक्ष परीक्षित याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, पॉलिसी तुमचीच आहे. पण डोन्ट वरी, आपण स्कॅन करून तुम्हाला सीडी देऊ." म्हणजे आता एकनाथदादाने नव्या सभामंडपात चौरंगावर सीडी मांडून तिला हळदकुंकू वाहायचं. मी बरं म्हणून निघून आलो.

मग मी वाट पाहू लागलो. पहिल्या पारायणात धुपाने अपार्टमेंटचा धुराचा भोंगा वाजला. सगळी इमारत रस्त्यावर, कुऱ्हाडी घेऊन बंबवाले हजर आणि काकू पोथी डोक्यावर घेऊन जिना उतरताहेत. (बंबवाल्यांना शिरा मिळाला. एकाने पुन्हा मागितला.) पारायण मोडलं, पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या वेळी यतीनने फ्लोरिडाची तिकिटं काढून ठेवली होती. तिसऱ्या वेळी नागपूरला चुलत दीर वारले, सुतक आलं. ते तिथल्या तारखेने धरायचं की इथल्या, हे काकूंनी मला फोनवर विचारलं. मी इथल्या म्हटलं आणि स्वतःच्याच पायावर एक दिवसाचा धोंडा पाडून घेतला. चौथ्या वेळी काही कारणच कळेना. तेव्हा एका शनिवारी मी स्वतः गेलो. पोथी घेऊनच परतायचं, असं रत्नाला सांगून.

यतीनने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. टीव्ही बंद, सून स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता वावरते आहे. मायक्रोवेव्हच्या खोक्यावर जरीचा खण घालून त्यावर अण्णांची पोथी. काकू शेवटचा अध्याय वाचत होत्या. आवाज बारीक, पण स्वच्छ. वाचता वाचता त्या एका ठिकाणी थांबल्या. पुढे जाईनात. यतीनने वर पाहिलं, त्याला वाटलं आईला काही झालं. मला मात्र ती जागा ठाऊक होती. तिथे, आणि प्रत्येक अध्यायात अशा एका जागी, अण्णांच्या हातचं पेन्सिलीने लिहिलेलं आहे, "येथे थांबावे. म्हाताऱ्यांना खोकू द्यावे." आपल्या देवळात त्या जागी केवढी खोकल्याची लाट उसळायची, तुला आठवतं? आपण दोघं मुद्दाम खोकायचो आणि मार खायचो. इथे त्या खोलीत फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. काकू थांबल्या होत्या, लिहिलं होतं म्हणून. त्या रोज अशाच थांबत असणार.

मी खोकलो.

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं, मान हलवली आणि पुढे वाचू लागल्या.

अध्याय संपला. तुळशीपत्र वाहिलं. मी पिशवी उघडणार, तोच काकूंनी पानं उलटी लावली आणि पुन्हा पहिला अध्याय काढला. मी म्हटलं, "काकू, पूर्ण झालं ना?" "कसलं पूर्ण? मधे एक ओवी चुकली." मला तर चुकलेली दिसली नव्हती. यतीन फोन घ्यायला आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "गुरुनाथराव, ही उघडी असली की यतीन सहाला घरी येतो. मिटली की नऊला."

मी प्रसाद घेतला आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. रत्नाने पिशवी पाहिली. तिने कधी नव्हे तो चहा स्वतःहून केला, एवढंच. नोकरी मिळेपर्यंत वाचणारे मी पुष्कळ पाहिले. मुलगा घरी यावा म्हणून वाचणारी ही एकच. आणि देवाच्या हिशेबात कोण कुठे बसतं, ते ठरवायला मला गॅरेजाएवढाच अधिकार आहे.

तेव्हा दादाला एवढंच सांग की अण्णांची पोथी सुखरूप आहे, पाटीवरची चिकटपट्टी सोडली तर तिला काही झालेलं नाही, आणि ती कधी नव्हे इतकी वाचली जाते आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
गुरुनाथ

ता. क. पोथी सुखरूप आहे असं लिहिलं. ती इथे आहे असं कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून पाहा. काकूंची मुदत मार्चमध्ये संपली (त्यांची, पुस्तकाची नव्हे) आणि त्या नागपूरला परतल्या. पारायण अर्ध्यावर होतं, म्हणून पोथी बरोबर नेली. विमानतळावर तपासणीवाले ती बुटांच्या ट्रेमध्ये ठेवा म्हणाले. काकूंनी ट्रेमध्ये आधी आपली शाल अंथरली आणि मागची रांग तोवर थांबली, असं यतीन शरमून सांगत होता. मला त्याची शरम वाटली नाही, त्याच्या शरमेची वाटली. आता त्या घरी एकट्याच असतात. मी फोन केला तर म्हणाल्या, पारायण चालू आहे.

पुन्हा ता. क. आता खरं काम. तू नागपूरला जा. पोथी मागू नकोस, नियम माझा आहे. काकूंनाच श्रावणासाठी निंबखेडला घेऊन ये. पोथी आपोआप येईल. मात्र व्यासपीठावर त्याच बसतील, एकनाथदादा नाही, आणि हे त्याला तू सांगायचं आहेस. तो ओरडेल. म्हण की गुरुनाथने त्याबदल्यात यायचं रद्द केलं. मी तिकीट काढलं आहे, पण ते तू त्याला मागाहून सांग.

आणखी एक. वाचनालयात ती धरणाच्या भिंतीतल्या प्रेताची रहस्यकथा असेल तर शेवटचं प्रकरण पाहून खुनी कोण ते कळव. आमच्या प्रतीचं शेवटचं प्रकरण लोणच्याने गेलं, आणि कुमारने पहिल्या पानावर दोन नावं लिहून एकावर काट मारली आहे. मला ते दुसरं पटत नाही. फार दिवस झोप नीट लागलेली नाही.

राहिलंच. पहिल्या दिवशी काकू वाचता वाचता मध्येच थांबतील. "काय झालं?" म्हणून कुणी विचारू नये, पाणी देऊ नये. तू पुढे बस आणि खोक. बाकीचे खोकतील.