मंडळी मागे पडते आहे

रविवार, २ मार्च. उपासनेनंतर.

मंडळी आज पुन्हा मागे पडली. दुसऱ्या गीताचे अखेरचे कडवे संपवून मी पियानोवरून हात मांडीवर घेतले, तेव्हा लोकांची तोंडे अजून हलत होती. म्हणजे किमान एक ओळ मागे. चर्चभर माणसे एकाच वेळी आणि एकाच दिशेने चुकतात, हे नवल आहे. संख्या म्हणजे प्रमाण नव्हे, हे मी तर्कशास्त्राच्या वर्गात निवृत्तीपर्यंत सांगत आलो. त्याचा इतका सुबक दाखला आपल्याच चर्चमध्ये मिळेल असे वाटले नव्हते.

संकल्प: ईस्टरपर्यंत मंडळीचा ताल दुरुस्त करणे. वेळ पुरेसा आहे.

ईस्टरला सुवार्तेचे, माझ्या पत्नीचे, गीत आहे. ती गेल्यानंतरचा हा पहिला ईस्टर. पुनरुत्थानाचे ते गीत ती दरवर्षी पियानोशेजारी उभी राहून म्हणे. या वर्षी ती नसेल, पण साथ तीच असली पाहिजे. ते दुसऱ्या कोणी वाजवणे मला मान्य नाही.

कुकरची शिट्टी बिघडली आहे. वरण करपले.

बुधवार, ५ मार्च.

आजपासून ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. पाळकसाहेब घरी आले. बेल न वाजवता दारात उभे होते. विचारल्यावर म्हणाले, वाजवली की सर, चांगली चार वेळा. बेलही बिघडली असावी.

त्यांनी दिपकचा विषय काढला. दिपक बँकेत आहे. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवतो, ज्यात बटण दाबले की ढोलक आपोआप सुरू होते. तो तुमच्या मदतीला बसला तर चालेल का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, मदतीस गरज हे कारण लागते आणि गरज सिद्ध झालेली नाही. त्यावर ते खाली मान घालून बराच वेळ बोलत राहिले. हल्ली ते फार पुटपुटतात. प्रवचनातही. सौजन्य म्हणून मी दोनदा मान डोलावली.

सात रस्ता चौकातल्या दुकानातून कुकरची नवी शिट्टी आणली.

रविवार, ९ मार्च.

आज मेट्रोनोम नेला. लाकडी, चावीचा, त्याचा काटा हलतो आणि प्रत्येक मात्रेला टकटक करतो. पियानोवर सर्वांना दिसेल असा ठेवला. हेतू असा की वादाचा निर्णय त्रयस्थाने करावा.

निकाल स्पष्ट लागला. मी यंत्राबरोबर होतो, मंडळी नव्हती.

नंतर दिपक जवळ आला. सर, रागावू नका, पण दुसऱ्याच कडव्यात त्याची चावी संपली होती, काटा उभाच होता, म्हणाला. मी त्याला समजावले की मी काट्याकडे पाहतच नव्हतो, मी टकटक ऐकत होतो. तो मेट्रोनोम उचलून त्याला चावी देऊ लागला. तरुणांना प्रतिवादाची सवय राहिलेली नाही.

नवी शिट्टीही निकामी. दुकानदाराकडे तक्रार करणार.

शनिवार, १५ मार्च.

हैदराबादहून पियानोचा कारागीर बोलावला होता. माझा मुद्दा साधा होता: वरच्या पट्ट्यांतून सूर येत नाही, लाकडाचा खटखटाट तेवढा येतो. सोलापूरच्या उन्हाने तारा सैल पडल्या असणार. त्याने सगळ्या पट्ट्या वाजवल्या, तारा तपासल्या आणि सांगितले की सूर एकदम बराबर है साब, ऐसा पियानो तो अब मिलताच नहीं. मी शेवटची पट्टी दाबून विचारले की यात सूर कुठे आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, मग दानम्माकडे पाहिले.

दानम्मा चर्चची किल्ली घेऊन आल्या होत्या. सुवार्तेच्या मैत्रीण. पियानोजवळच्या गायकवृंदात दोघी शेजारी उभ्या राहत. त्या म्हणाल्या, सर, एकदा कानाच्या डाक्टरला दाखवून यावा की, काय जातंय? मी विचारले, पियानोच्या दोषावर माझ्या कानाचा उपचार कोणत्या न्यायाने? त्या हसल्या. म्हणाल्या, बाईंनी तुमच्यासंगं कसं दिवस काढलं, देवालाच ठाऊक.

हा युक्तिवाद नव्हे. हा व्यक्तीवर घसरणे झाले.

रविवार, २३ मार्च.

मंडळी मागेच.

आज एक गोष्ट जाणवली. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध नाही, केवळ नोंद. वाजवताना डावा खांदा हलका लागतो. सुवार्ता गाताना उजवा हात तिथे टेकत असे. तिचे गुडघे दुखत. पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत उभे राहणे तिला जमत नसे आणि मी तिचा आधार होतो. कधीकधी ती बोटेही दाबी. कळ येत असावी. वाजवणाऱ्याला त्याचा व्यत्यय होतो, हे मी तिला एकदा सांगितले होते आणि चांगली शिसवी काठीही आणून दिली होती. काठी तिने एकदाही वापरली नाही. दाराआड अजून उभी आहे.

मी कधी खांदा काढून घेतला नाही, हेही नोंदले पाहिजे.

रविवार, ६ एप्रिल.

उष्मा असह्य. पंखे फिरतात, आवाज करत नाहीत. चांगले पंखे बसवलेले दिसतात.

पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण. तिन्ही गीतांचा रोज सकाळी सराव केला. माझ्या बाजूने काहीही उरू देणार नाही.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.

लिहिणे आवश्यक आहे म्हणून लिहितो.

मुले शिंदीच्या फांद्या घेऊन मिरवणुकीने आत आली. मिरवणुकीचे गीत चार कडव्यांचे. चार वाजवली, नियमाप्रमाणे शेवटचे संथ केले, आमेनचे सूर दिले, झाकण लावले. वळून पाहिले तर मंडळी उभी आणि तोंडे चालू. गीत संपलेले नसताना मी झाकण लावले, असा त्याचा अर्थ काही जणांनी काढला. दिपकने कुठूनतरी गिटार घेऊन त्यांना शेवटपर्यंत नेले.

पुढच्या बाकावर एक मूल हसत होते. त्याच्या आईने त्याचे तोंड दाबले. ती स्वतःही हसत असती तर बरे वाटले असते. ती माझ्याकडे फार मायेने पाहत होती.

निष्कर्ष: मंडळीला कडवी मोजता येत नाहीत.

मंगळवार, १५ एप्रिल.

मंडळीच्या पंचांची सभा. ईस्टरला दिपक वाजवील, हे ठरलेलेच आहे असे कळले. मी विचारले, कोणाच्या संमतीने? पाळकसाहेब म्हणाले, सर, तुमच्याच. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी तुमच्या घरी विचारलं, ईस्टर दिपककडे देऊ का, तर तुम्ही मान डोलावली. दोनदा.



मग मी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण अशा क्रमाने माझी बाजू मांडली. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतली. पूर्वी हे लोक मला मध्ये तोडत, भांडत, टेबलावर हात आपटत. आता आदराने ऐकतात. ही प्रगती नाही, एवढे मला कळते.

शेवटी दानम्मा उठल्या. बाकीचं दिपक वाजवू दे, पण बाईंचं गाणं सर वाजवतील, म्हणाल्या. त्यात काय बोलायचं हाय? पाळकसाहेबांनी ते वहीत लिहून घेतले.

एक गीत. पुरेसे आहे. एका गीतात मंडळी मागे पडली नाही, तर सगळे सिद्ध होते.

शुक्रवार, १८ एप्रिल. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे.

आमच्याकडे आज पियानो उघडत नाहीत. त्यामुळे वर्षातून या एकाच दिवशी मी इतरांसारखा बाकावर बसतो. वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलले. सातही जण पुटपुटले.

सात स्वतंत्र साक्षीदार. हा विचार तूर्त बाजूला ठेवतो. परवा गीत आहे.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर. दुपार.

सिद्ध झाले!

मी बसलो, सुरुवातीची ओळ वाजवली आणि तेवढ्यात डाव्या खांद्यावर हात पडला. दानम्मा. मला राग आला. ती जागा त्यांची नव्हे. पण वाजवणे थांबवता येत नव्हते. त्यांच्या बोटांनी खांदा हलकेच दाबला, मग पुन्हा दाबला, ओळीच्या शेवटी थोडा धरून ठेवला, सोडला. माझे हात त्याप्रमाणे चालू लागले. मी तसे ठरवले नव्हते.

चारही कडवी. शेवटच्या आमेनला मान वर केली तेव्हा सगळी तोंडे माझ्या हातांबरोबर मिटली. एकही मागे नाही. पाळकसाहेब डोळे पुसत होते. दिपकने येऊन पाया पडायला वाकावे, हे आमच्यात चालत नाही. तरी तो वाकला.

मंडळी अखेर सुधारली. सात आठवड्यांच्या कष्टांचे फळ.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

वरील शेवटची दोन वाक्ये तपासली. ती टिकत नाहीत.

एखादी गोष्ट असली की परिणाम दिसतो, नसली की दिसत नाही. तर तीच त्याचे कारण. अन्वय आणि व्यतिरेक. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. सुवार्तेचा हात होता, तोवर मंडळी बरोबर होती. हात गेला, मंडळी मागे पडली. आज हात आला, मंडळी बरोबर आली. मंडळी तीच. पियानो तोच.

दानम्मांकडे गेलो. ओसरीवर बसवून त्यांनी पाणी दिले आणि माझ्यासमोर, तोंड दिसेल असे बसून सावकाश बोलल्या. सुवार्ताही तशीच समोर बसून सावकाश बोलत असे. मला तो तिचा स्वभाव वाटे.

त्या म्हणाल्या, लई वर्सं झाली सर. तुमाला कमी ऐकू येतंय हे बाईंना तुमच्याआदी कळालं. दवाखान्यात असताना कॉटच्या दांडीवर माझा हात धरून शिकवलं की त्यांनी मला. कुटं दाबायचं, कुटं सोडायचं. सरांना बोलू नको म्हणाल्या. मग लगेच का आला नाहीत, मी विचारले. त्या म्हणाल्या, भर चर्चमधी सरांच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हंजे काय सोपं हाय व्हय? आन ती जागा बाईंची. मला धीरच हुईना.

मी गुडघ्यांचे विचारले.

दानम्मा म्हणाल्या, कुटले गुडघे? बाई तर मंद्रूपच्या बाजारात माझ्या पुढं चालायच्या.

येत्या रविवारीही उभ्या राहतो, असे त्या म्हणाल्या. मी नको म्हणालो. त्यांनी कारण विचारले. मला कारण देता आले नाही.

सोमवार, २१ एप्रिल.

पियानोची किल्ली दिपकला दिली. तो नको नको म्हणत असावा. कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला त्यालाच फोन करायला सांगितले.

काठी दाराआडून काढून पुसली, परत तिथेच ठेवली.

दुपारी कुकर लावला. जुनी शिट्टी घातली. वाफ जोरात वर आली, शिट्टी उचलली गेली. ती चांगली आहे. नवीही चांगली असणार. दुकानदाराला मी बरेच बोललो होतो. मग ओट्यावर तळहात टेकवून उभा राहिलो. थोड्या वेळाने दगडात थरथर आली, गेली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा गॅस बंद केला.

वरण करपले नाही. मीठ घालायचे राहिले.