बाबांचा रेनकोट टाकला आहे

बाळ्या,

बाबांचा रेनकोट तू परत ओलाच गोळा करून स्कूटरच्या डिकीत कोंबला होतास. उघडला तर आत काळी बुरशी आणि मेल्या उंदरासारखी घाण. मला ओकारीच आली. शिवणी उसवलेला तो कोट घालून तू रोज बनियनपर्यंत भिजतोस, खोकतोस, आणि वर आईला सांगतोस, "बाबांचा वास येतो त्याला." नाही येत रे. ते गेल्यापासून मीही कितीदा हुंगून पाहिला, कॉलरसुद्धा. आज कचऱ्यात टाकला.

नवा खुंटीवर आहे. त्याची पँट बुटात खोचू नकोस, वरून सोड, नाहीतर सगळं पाणी बुटात उतरतं.

मी कामावर चालले आहे. काय शिव्या द्यायच्या त्या संध्याकाळी दे, पण कोरडा ये.

ताई