धुऱ्यावरची तूर आणि पोटातली गाठ

बाबा, परवा करडीला, आपल्या घरी गेलो होतो. आई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती आणि मी शेजारी बसून पुरवणीचा लेख संपवत होतो. संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता. विषय तुमच्याच आजाराचा, स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा. आईनं वाकून मथळा वाचला आणि तुम्ही गेल्यापासून विचारते तेच विचारलं, "मासोळीनंच झालं ना रे?" नागपूरहून औषध चढवून आलात आणि मासोळीच्या रश्शासाठी रुसून बसलात, आठवतं? शेवटी तिनं करून वाढला, तुम्ही भात मागून मागून घेतला. पुढे औषध लागू पडलं नाही, तेव्हा कोणीतरी नातेवाईक बोलून गेला की मासोळीनं औषध मारलं. ते तिच्या मनातून निघतच नव्हतं.

"मासोळीचा काही दोष नाही, आई. औषध गाठीपर्यंत पोचलंच नाही."

"काहून? नसातूनच तं चढवलं होतं."

मग मी तिला बोलता बोलता तुमच्या धुऱ्यावर नेलं. धानाच्या बांधीत पाणी अडवून धरणाऱ्या मातीच्या धुऱ्यावर तुमचं धानापेक्षा जास्त प्रेम. दर वर्षी बांधीतला चिखल उचलून धुऱ्यावर थापायचात, कारण त्यावर तूर लावायची असायची. धुरा रुंदावत जायचा, बांधी आक्रसत जायची आणि आई खालून ओरडायची, "धान का आता डोक्स्यावर रोवता?" गोंदिया वेगळा होऊन आपला जिल्हा फुटला तेव्हाही तुम्हाला तेच सुचलं होतं: "सरकारनंबी धुरा टाकला. आता तूर लावा म्हनावं."

आईला सांगितलं, शरीरातही धुरे घालणाऱ्या पेशी असतात. अवयवाला जागेवर धरून ठेवायचं, जखम झाली की भरून काढायची, हे त्या आधारपेशींचं काम. पण स्वादुपिंडात गाठ झाली की तिला जखम समजून त्या थापतच सुटतात. कधी कधी गाठीत कर्करोगाच्या पेशी कमी आणि हा दाट थरच जास्त. रक्तवाहिन्या त्यात दबतात, मग औषध आत शिरणार कसं? त्यातल्या काही आधारपेशी तर गाठीलाच खाऊ घालतात.

"मंग तासून टाकाचा तो धुरा," आई म्हणाली.

"बाबांनी तासला होता ना एक साल?"

आईला हसू आवरेना. तिच्या टोमण्यांना कंटाळून तुम्ही धुरा इतका बारीक केलात, की एका सरीत तो फुटला आणि आपलं पाणी, आपले रोवणीचे पऱ्हे, सगळं शेजाऱ्याच्या बांधीत. तो दारात येऊन म्हणाला होता, "भाऊ, आमची रोवणी तं तुमीच करून देली!" उंदरांवरच्या काही प्रयोगांतही असंच झालं. आधारपेशी काढून टाकल्या, तर आजार जास्तच उधळला, कारण त्यातल्या काही गाठीला अडवूनही धरत होत्या. म्हणून आता सगळ्या उखडण्यापेक्षा बिघडलेल्यांना ताळ्यावर कसं आणायचं, ते शोधणं चाललं आहे.

आईनं सुपातला खडा वेचून टाकला. "म्हंजे त्यायच्या पोटातबी त्यायच्यासारखेच हट्टी भरले होते," ती म्हणाली. "मंग खाल्ली मासोळी, बरं झालं. तेवढं तं सुखानं खाल्लं." सूप बाजूला ठेवून उठली आणि कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली, "ऐकलं का वो बाई, मासोळीचं काही नोहोतं! पोरगा पेपरात लिहून राहिला!" इतका मोकळा आवाज मी तिच्या तोंडून फार वर्षांनी ऐकला. त्या भरात लेख वेळेआधी गेला.

बाबा, लेखात मी 'बहुधा' हा शब्द जपून ठेवला आहे. आईला सांगताना तो गाळला. तुमच्या पोटात नेमकं काय झालं, ते कोणी तपासून पाहिलेलं नाही. आई माझं हाती लागेल ते सगळं वाचते; लेखातलं ते 'बहुधा' तिला खटकणार नाही, पण हा कागद करडीच्या घरात ठेवणार नाही.