तांबडीच्या पेशींचा उपास

आदरणीय मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आणि तांबडी गाईचा कान भरून आला का? (दोन्ही प्रश्न सारख्याच काळजीने विचारले आहेत. क्रम फक्त वयानुसार.)

कानाचा तुकडा नेलास, त्याची गाय कधी होणार, असं तुम्ही विचारलंत. सांगते. त्या तुकड्यातल्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवतो आणि मग एकेक पेशी दुसऱ्या गाईच्या, गाभा काढून रिकाम्या केलेल्या अंड्यात (म्हणजे बीजांडात) बसवतो. शंभर अंड्यांमागे चार-पाच भ्रूण हाती लागतात, बाकीची हात वर करतात. आमच्या सरांच्या मते दोष पेशींच्या खाण्याचा. बशीत त्या जावयासारख्या बसून खातात आणि नव्या घरातही तोच थाट मागतात. म्हणून आधी तीन दिवस उपाशी ठेवायच्या, म्हणजे त्या खर्च आवरतात आणि अंडं सांगेल ते निमूट ऐकतात.

उपासावर लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी पेशी टवटवीत दिसल्या, दुसऱ्या दिवशी पार आक्रसलेल्या. नंतर मी जेवणाच्या खोलीत डबा उघडला आणि घास उतरेना. पेशीला भूक कळत नाही, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. पण आपल्या तांबडीच्या त्या. म्हटलं, खाद्याचे दोनच थेंब घालू. मग दोनाने काय होतंय म्हणून चार घातले, आणि प्रयोगाच्या वहीत ‘उपास चालू’ असं लिहिलं. ही माझी पहिली खोटी नोंद. (रोजनिशीत खरं लिहिलं. तेव्हापासून माझ्या दोन वह्यांत वितुष्ट आहे.)

त्या बशीतून शंभराला एकवीस भ्रूण आले. सर, वय अठ्ठावन्न, दोन-दोन पायऱ्या चढू लागले. सोमवारी ते परिषदेत उपासाचे फायदे सांगणार होते. सांगावं तर त्यांचा हिरमोड, न सांगावं तर माझ्यापायी ठिकठिकाणच्या पेशी फुकट उपाशी. काल शेवटी धीर करून म्हटलं, ‘‘सर, मी त्यांना खायला घातलं.’’

सर चष्मा काढून पुसू लागले.

‘‘किती?’’

‘‘चार थेंब.’’

‘‘मी सहा,’’ ते म्हणाले. ‘‘बघवेना हो.’’

भाषण त्यांनी स्वतःच रद्द केलं. गुण अर्ध्या उपासाचा की दहा थेंबांचा, हे कळायला आता सगळं पहिल्यापासून करणं आलं.

तुमची,
भाची

ता.क. : पेशी संपल्या. कानाचा आणखी एक तुकडा लागेल. दुसऱ्या कानाचा चालेल.

ता.क. २ : आमच्याकडून गुरांचे डॉक्टर येतील. मामी बाहेर गेल्या की कळवा. तांबडीला टोचलेलं त्यांना बघवणार नाही.

ता.क. ३ : खरं मागणं हे, की त्यानंतर मामींना तीन दिवस आमच्याकडे पाठवा. पेशींच्या कपाटाची किल्ली त्यांच्या हाती द्यायची आहे. तुमचं गोड त्यांनी आठ महिने कसं बंद ठेवलं, ते ऐकून सर खुर्चीतून उठले आणि ‘‘कधी येतील?’’ म्हणाले. फक्त पेशी तांबडीच्या आहेत, हे मामींना कळू देऊ नका. तुमच्या आहेत म्हणा.