चौतिसाव्या वर्षी निवृत्त

पिनर, लंडन, १२ सप्टेंबर २००४

ती. अरुणाताईस,
सुप्रभाचा शि. सा. न. वि. वि.

आपली कस्तुरी लग्न करतेय म्हणते. मुलगा इंग्रज. नाव डीन, वय चौतीस, आणि तो चक्क रिटायर झालाय! फुटबॉलपटू होता. अकरा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये खेळला, मग गुडघा गेला. कस्तुरी पडली फिजिओ. आधी गुडघा तिच्याकडे आला, मागोमाग डीन.

ह्यांनी त्याला चहाला बोलावलं आणि इंटरव्ह्यूच घेतला. गोल किती केलेस? चार. अडवलेस किती? ते गोलकीपरचं काम, म्हणाला. मग तू करायचास तरी काय, असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला की मी मिडफिल्डर, मागच्यांकडून बॉल घ्यायचा नि पुढच्यांना द्यायचा. ह्यांच्यातला सर्जन म्हणाला, हे तर पोस्टमनचं काम. कस्तुरी ताडकन उठून गेली. तेव्हापासून बापलेकीचा अबोला आहे. तिचे निरोप ह्यांना, ह्यांचे तिला, सगळं मी पोचवते. ह्या कामाची कुणाला किंमत नसते बघ, ताई.

काहीतरी सुचव गं.

तुझी,
सुप्रभा

सांगली, ३ ऑक्टोबर २००४

चि. सुप्रभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांच्या मते चौतिसाव्या वर्षी निवृत्त होणारा एकतर आळशी असतो, नाहीतर मंत्र्याचा जावई. मी शेजारीपाजारी 'स्पोर्ट्समध्ये होता' एवढंच सांगितलंय. खोदून विचारलंच, तर क्रिकेट म्हणेन. रागावू नकोस.

श्रीनिवासराव जानेवारीत निवृत्त होताहेत ना? घरी बसले की निवांत विचार करतील. मात्र मुलगा स्वभावाने कसा आहे, ते तू लिहिलंच नाहीस.

सगळे जपून राहा.

तुझी ताई

पिनर, ६ मार्च २००५

ती. ताईस,
शि. सा. न.

निवांत कसले! हॉस्पिटलात भाषणं झाली, बुके मिळाला, आणि पुढच्या सोमवारपासून हे रोज सकाळी टाय लावून दारातल्या कारमध्ये जाऊन बसायला लागले. गाडी सुरू करत नाहीत, नुसते बसतात. चहा नेला तर काचही खाली करेनात. मला भीतीच वाटली. कस्तुरीला फोन केला. ती क्लिनिकमध्ये अडकलेली, म्हणून डीन आला.

तो सरळ बाजूचं दार उघडून ह्यांच्या शेजारी बसला. बराच वेळ दोघं गॅरेजच्या बंद दाराकडे बघत होते. मग डीनने सांगितलं म्हणे, की खेळ सुटल्यावर मीही रोज किटबॅग भरून क्लबच्या कार पार्कमध्ये जाऊन बसायचो. आत जायचा धीर व्हायचा नाही आणि घरी परतायचाही. ह्यांनी विचारलं, मग काय केलंस? तो म्हणाला, काही नाही, एक दिवस फार भूक लागली.

हे हसले, एवढं ह्यांनी सांगितलं. रडले, ते मी खिडकीतून पाहिलं. मग गाडी सुरू झाली आणि दोघं एजवेअरला जाऊन जेवून आले.

काल ह्यांनी कस्तुरीला स्वतः फोन लावला. म्हणाले, लग्नाची तारीख तूच ठरव, मला आता कुठलाही दिवस चालतो.

आमच्यावर माया आहेच, त्यात आता एक माणूस वाढवून घे.

तुझी,
सुप्रभा